मुक्या जिवांचा दवाखाना : आधी ऊब, मग पाणी, मग पाला

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, मी मानेवाड्याला राहते. माझ्या पुतण्याचा एक मित्र नोकरी लागली म्हणून बंगलोरला गेला आणि जाताना त्याची पाळलेली इग्वाना (परदेशी मोठा सरडा) रूमवरच सोडून गेला, घरमालक म्हणे फेकून देतो, तर पुतण्या तिला आमच्या घरी घेऊन आला. नाव मिरची आहे. माशांच्या काचेच्या टाकीत होती, बल्ब वगैरे काही नाही. शेपटीसकट माझ्या हाताएवढी लांब असेल पण कमरेची हाडं वरून दिसून राहिली, डोळे खोल गेले, मागचे पाय ओढत चालते, खालचा जबडा सुजल्यासारखा आहे आणि पुढच्या पायांची बोटं मधूनच थरथरतात. पालक, काकडी, टमाटर, उकडलेलं अंडं सगळं देऊन पाहिलं पण काहीच खाऊन नाही राहिली. मधे मधे शिंकते आणि काचेवर पांढरे ठिपके पडतात, शेजारच्या काकू म्हणतात सर्दी झाली, बाम लावा. सासूबाई म्हणतात हळदीचं दूध पाजा. पुतण्या मोबाईलवर पाहून म्हणतो सिरिंजनी बळजबरी खाऊ घालू. एवढ्या थंडीत कशी काय जगेल बाप्पा ही? काय करू ते सांगा. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, पहिले ते थरथरण्याचं बोलते कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, ते नाही. बोटं थरथरणं, मागचे पाय ओढणं, जबडा सुजणं हे तिन्ही एकत्र दिसलं की रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलंय असं धरून चालायचं, आणि थरथरीच्या पुढची पायरी झटके असते. म्हणजे हा अंक हातात आहे त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डॉक्टरकडे न्यायचं. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथं किंवा तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारून घ्या की सरपटणारे प्राणी कोण बघतं, कारण कुत्रा-मांजर बघणारा प्रत्येक डॉक्टर इग्वाना बघेलच असं नाही. तिथं एक्सरे काढतील, हाडांची साल किती पातळ झाली ते त्यात दिसतं, आणि गरज वाटली तर कॅल्शियमचं इंजेक्शन देतील. ते इंजेक्शन घरी द्यायचं नाही, मेडिकलवाल्यानं दिलं तरी नाही.

नेताना स्कूटीवर उघड्या हवेत नेऊ नका हो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुना टॉवेल टाका, गरम पाण्याची बाटली दुसऱ्या टॉवेलमधे गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे तिला नको वाटलं तर ती सरकू शकेल. उचलताना एक हात छातीखाली आणि एक कमरेखाली, पूर्ण अंग हातावर. शेपटी धरायची नाही, घाबरली तर ती तोडून मोकळी होते. आणि हाडं मऊ झालेली असताना फासळ्यांवर दाब पडला तर फ्रॅक्चर व्हायला वेळ लागत नाही.

आता हे झालं कशामुळे. इग्वाना मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, झाडावर राहणारी, पूर्ण पालाखाऊ. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तिच्या कातडीत व्हिटॅमिन डी३ बनतं आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. मिरची बंद खोलीत, काचेच्या टाकीत, बिना दिव्याची राहिली, खायला बहुतेक काकडी आणि कोबी मिळत असणार. मग शरीर काय करतं, तर रक्तात कॅल्शियम कमी पडलं की हाडातून काढून घेतं. हाडं रबरासारखी होतात, जबड्यात आणि मांड्यांत हाडाच्या जागी तंतू भरतात, आणि आपल्याला वाटतं की सूज आहे, किंवा वाईट म्हणजे वाटतं की मस्त धष्टपुष्ट मांड्या झाल्या. कमरेची हाडं दिसतात आणि मांडी गुबगुबीत, असं दिसलं की समजून जायचं.

तुमच्या घरात सगळेच जण तिला काहीतरी खाऊ घालायच्या मागे आहेत आणि ते साहजिकच आहे, आपल्याकडे आजारी माणूस दिसला की पहिले ताट वाढतात. पण इग्वानाचं पोट आपल्यासारखं चालत नाही. तिच्या अंगात स्वतःची उष्णता तयार होत नाही, बाहेरून मिळेल तेवढीच. जानेवारीत नागपूरला रात्री पारा १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातो, अशा थंडीत तिचं पचन जवळपास बंदच असतं, आणि बळजबरीनं पोटात ढकललेला पाला तिथंच सडतो. म्हणून क्रम एकच, आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. तो उलटा केला की उपाशी जनावर खाऊ घालून मरतं, आणि घरचे म्हणतात काल तर चांगलं खाल्लं होतं, आज काहून गेलं.

तर ऊब. ती काचेची टाकी सोडून द्या, ती माशांसाठीच ठीक. जुनं लाकडी कपाट किंवा मोठा जाळीचा पिंजरा घ्या, आत आडवी जाड फांदी बांधा. फांदीच्या वर, जाळीच्या बाहेरून, पिवळा उष्णता देणारा बल्ब लावा (एलईडी नाही, तो गरमच होत नाही). फांदीवर बल्बच्या खाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ असं तापमान पाहिजे, म्हणजे तिला हवं तिकडे जाता येतं. रात्री दिवा बंद, पण २३-२४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो. हातानं अंदाज घेऊ नका, वायरवाला डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो, तोच फांदीवर चिकटवा. गरम होणारे नकली दगड विकतात ते मात्र आणू नका, खालून पोट भाजतं आणि तिला ते वेळेवर कळतही नाही. एकदम तव्यासारखं तापवायचं पण नाही, एका दिवसात हळूहळू चढवा.

पाणी. डोळे खोल गेले म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं. रोज एकदा टबात कोमट पाणी घ्या, मनगटाला जेमतेम उबदार लागेल एवढंच, आणि उंची तिच्या कोपरापर्यंत, नाक पाण्याच्या वर राहिलंच पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं, आणि तुम्ही तिथंच बसायचं, फोन आला तरी उठायचं नाही, कारण एवढी अशक्त इग्वाना मान खाली टाकून बुडू शकते. बऱ्याच इग्वाना पाण्यातच शी करतात. तिच्या शीसोबत एक पांढरा भाग येतो, ती तिची लघवीच समजा. तो मऊ आणि पांढरा असेल तर बरं चाललंय. पिवळा, कडक, खडूच्या चुऱ्यासारखा असेल तर पाणी अजून कमी आहे. यापेक्षा सोपी टेस्ट घरी नाही, रोज बघत जा. ओठाच्या कडेला ड्रॉपरनी पाण्याचे थेंब सोडले आणि तिनं जीभ काढून चाटले तर चालेल, घशात पिचकारी मारायची नाही, फुप्फुसात जातं.

दोन-तीन दिवस ऊब आणि पाणी नीट मिळालं, डोळे थोडे वर आले, ती फांदीवर स्वतःहून चढायला लागली, मग पाला. आणि इथं आपण नागपूरकर नशीबवान आहोत कारण इग्वानासाठी जे सगळ्यात चांगलं ते आपल्या परसातच असतं. मुनग्याचा पाला, म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला शेवगा म्हणतात तो, कॅल्शियमनी भरलेला. जास्वंदीची पानं आणि फुलं. जास्वंदीचं लाल फूल दिसलं की आजारी इग्वानाही बहुतेक वेळा जिभेनं चाखून बघते, सुरुवात त्याच्यापासूनच करा. थोडा सांबार (म्हणजे कोथिंबीर), थोडी मेथी, किसलेलं कोहळं, लवकी, कधीतरी पपईची एखादी फोड. सगळं बारीक चिरून, कारण जबडा दुखतोय तिचा. वरून चिमूटभर कॅल्शियम पावडर, फॉस्फरस नसलेली. जेवणात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट पाहिजे, म्हणून माणसांचं कुठलंही सिरप चालत नाही, काहींत फॉस्फरस असतं, काहींत डी३ एवढं असतं की ते जास्त झालं तर किडनीत चुना साचतो.

पालक आणि चुक्याची भाजी बंद करा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, पोटात जाऊनही उपयोग नाही. काकडी-टमाटर म्हणजे पाणीच, त्यानं पोट भरतं, हाड भरत नाही. अंडं अजिबात नाही, पालाखाऊ जनावराला प्राण्यांचं प्रोटीन दिलं की पुढं किडनीवर येतं. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण दूध नको, हळदीचं तर नकोच. सरपटणाऱ्या प्राण्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आहे ते पाणी पण निघून जातं.

पुतण्याचं सिरिंज प्रकरण. जबडा मऊ आहे, बोटानी तोंड उघडायला गेलात तर तो मोडेल, मी हे घाबरवायला सांगत नाहीये, एक्सरेमधे असे मोडलेले जबडे दिसतात. सिरिंजनी भरवायची गरज पडलीच तर डॉक्टरांकडून तोंड कसं उघडायचं ते समोर बघून शिकून घ्या, आणि पालाखाऊ प्राण्यांसाठी जी पावडर मिळते तीच पातळ करून द्या. तेही सुरुवातीला गरजेच्या जेमतेम पाव ते निम्मं. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झटक्यात पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं, माणसांतही होतं हे. म्हणून उपवास सोडल्यासारखं ताट भरून नको.

आता उन्हाचं, कारण औषधं बरं करतील पण ऊन नसेल तर ती परत इथंच येईल. काचेतून यूव्हीबी येत नाही. खिडकीच्या काचेमागे दिवसभर ठेवलं तरी शून्य. सध्याच्या दिवसांत सकाळी ९-१० नंतर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग टॉवेलनी झाकून, गच्चीवर अर्धा तास बसवा, वारा नको. काचेची टाकी उन्हात कधीच नको, दहा मिनिटांत भट्टी होते. आणि संक्रांतीच्या आसपास गच्चीवर मांजा पडलेला असतो, कावळे-मांजरं असतात, तिला एकटं सोडून खाली चहा प्यायला जायचं नाही. घरात यूव्हीबीची ट्यूब लावायची तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचीच, अंतर डब्यावर लिहिलेलं असतं तेवढंच, मधे काच किंवा प्लास्टिक नाही, आणि उजेड येत असला तरी त्यातलं यूव्हीबी वर्षभरात उतरतं म्हणून बदलायची. मला एकानं विचारलं होतं वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही ट्यूब चालेल का. नाही! तो यूव्हीसी, जंतू मारायचा, तिचे डोळे आणि तुमचे पण जळतील.

शिंका आणि पांढरे ठिपके, याचं मला हसू आलं कारण ही सर्दी नाहीच. इग्वानाच्या नाकात मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते, जास्तीचं मीठ ती शिंकून टाकते आणि काचेवर ते वाळून पांढरं दिसतं. बाम लावू नका, कापूर तिला सोसणार नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय, नाकातून चिकट बुडबुडे येतायत, असं दिसलं तर मात्र ते फुप्फुसाचं आहे, तेव्हा थांबू नका.

किचनचा डिजिटल काटा असेल तर दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी, खायच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. डोळ्याला सुधारणा दिसायच्या आधी काट्यावर दिसते. थरथर लवकर थांबते, भूक काही दिवसांत येते, हाडं भरायला महिने लागतात आणि जी वाकली ती वाकडीच राहतात, तेवढं मनाशी धरून चला. एक गोष्ट अजून, ती मादी असेल आणि पुढं कधी पोट फुगून खाणं बंद करून कोपरे उकरायला लागली तर अंडी असू शकतात, नर नसतानाही इग्वाना अंडी घालते, आणि कॅल्शियम कमी असलेल्या मादीची अंडी अडकतात. तेव्हा परत एक्सरे.

घरात लहान लेकरं असतील तर हात लावल्यावर साबणानी धुवायचे, तिचा टब किचनच्या सिंकमधे धुवायचा नाही, या प्राण्यांच्या शीमधे साल्मोनेला नावाचा जंतू असतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा जास्त त्रास होतो.

कागदपत्रांचं पण बघा. इग्वाना साइट्सच्या (CITES, वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर करायची असते. त्या मित्राला फोन करून कागद आहेत का विचारा, बंगलोरला गेला म्हणजे जबाबदारी संपली असं नाही, आणि हस्तांतराचं कसं करायचं ते वनविभागाच्या ऑफिसात विचारून घ्या. आणि घरात झेपलं नाही तरी अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर सोडून यायचं नाही, प्लीज. थंडीत मरेल, नाहीतर मे महिन्याच्या ४५ अंशात मरेल. आणि जगली तर अजूनच वाईट, फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या इग्वाना आज तिथली डोकेदुखी होऊन बसल्या आहेत. ही पाच-सहा फुटांपर्यंत वाढते आणि पंधरा-वीस वर्षं जगू शकते, तेव्हा ठेवायची का नाही हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा, पण ती बरी झाल्यावर.

प्रश्न : माझा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) दोन वर्षांचा आहे, डिसेंबरपासून नुसता झोपून राहतो, दोन दोन दिवस डोळे उघडत नाही, खात नाही. आजारी आहे का? — कॉलेजचा विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : कदाचित नाही. थंडीत दिवस लहान झाले की मोठे बिअर्डेड ड्रॅगन असे सुस्तावतात, ते त्यांच्या अंगातच आहे. वजन कर. वजन जवळपास तेवढंच असेल, शेपटीचं मूळ भरलेलं असेल तर झोपू दे, पाणी ठेव, आणि उठल्याशिवाय किडे भरवू नको, थंड पोटात ते कुजतात. वजन घसरतंय, दाढी (गळ्याखालची कातडी) सतत काळी पडतेय, शी पातळ आणि घाण वासाची, यातलं काही असेल तर ती झोप नाही, आजारपण आहे, शीचा नमुना घेऊन डॉक्टरकडे जा. एक वर्षाच्या आतलं पिल्लू असं झोपत असेल तर वाट बघायचीच नाही.

प्रश्न : आमच्या शेतावर कुत्र्यांनी घोरपडीच्या पिल्लाला धरलं होतं, मुलानी सोडवून बादलीत ठेवलं, दूध दिलं. तो म्हणतो बरं करून पाळतो. गावातले म्हणतात पिल्लू मोठीपेक्षा जास्त विषारी असतं. — हिंगणा

उत्तर : दादा, मुलानं सोडवलं ते फार छान केलं, त्याला शाबासकी द्या आणि पिल्लू आजच वनविभागाकडे द्या. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, घरात ठेवली तर कमीत कमी ३ वर्षं कैदेची तरतूद आहे, मग हेतू कितीही चांगला असू दे. १९२६ या नंबरवर फोन करा, सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जंगली जनावरांवर तिथंच उपचार होतात. तोपर्यंत दूध काढून घ्या, खोक्यात अंधारात ठेवा, हळद-चुना काही लावू नका. कुत्र्याचा दात वरून बारीक दिसतो पण आत जंतू सोडून जातो, म्हणून "जखम लहान आहे" म्हणून उद्यावर टाकू नका. विषाचं म्हणाल तर माणूस मरेल असं काही तिच्यात नाही, पिल्लांच्या अंगावर ठिपके-पट्टे ठळक असतात म्हणून लोक घाबरतात. चावते मात्र जोरात, जाड हातमोजे घाला. आणि गावात कोणी हत्था जोडी नावाची मुळी पैशाच्या बरकतीसाठी विकत असेल तर ती मुळी नाहीच, नर घोरपडीचं कापलेलं इंद्रिय असतं ते, तेही त्याच फोनवर सांगा.

प्रश्न : उंदरासाठी लावलेल्या गोंदाच्या पट्टीवर घरातली पाल चिकटली, जिवंत आहे, ओढू का? — इतवारी

उत्तर : ओढू नका, कातडी सोलून येईल. कापसाच्या बोळ्यानं खायचं तेल चिकटलेल्या जागेच्या कडेनं सोडत जा, पाच मिनिटं थांबा, मग एकेक पाय सुटा होतो. डोक्याजवळ तेल कमी, नाकपुड्या बुजायला नको. सुटली की कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं तेल टिपून घ्या, अंगावर तेल आणि गोंद राहिला तर धूळ चिकटत जाते. शेपटी तुटली तर तुटू द्या, नवीन येते. पाल विषारी नसते, हात धुतले की झालं. आणि उंदरासाठी तो जुना लोखंडी पिंजराच लावा, त्यात पाल अडकत नाही.